स्वतःला न वाचलेला छापा

मित्रांनो, मी लाकडी खोक्यांवर इंग्रजी अक्षरं उमटवणारा एक जुना पत्र्याचा छापा आहे. माझ्या अंगात 'साइडवेज' हा शब्द कापून काढलेला आहे.

मला पेंटरकाकांनी घडवलं. ऑफिसातून आलेल्या कागदावरची अक्षरं त्यांनी पत्र्यावर जशीच्या तशी गिरवली, कापली आणि कानशीनं घासून साफ केली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण हात मोठा सफाईदार! आम्ही दोघे होतो. वर छापायचा तो 'डू नॉट ले', आणि त्याच्या खाली मी. आमच्या कारखान्यातून मोठमोठी फ्रिजची कपाटं जात. आम्ही खोक्यावर उमटलो की हमाल ते जपून, उभंच धरून नेत. वीस वर्षं हेच पाहून काकांनी आणि मीही मनाशी पक्कं धरलं, की 'साइडवेज' म्हणजे 'सांभाळा'. अक्षरं माझीच मोठी होती ना! वरचा तो बारीक अक्षरांचा आम्हाला नुसता शोभेपुरता वाटे. केवढा तोरा होता मला!

गेल्या महिन्यात वरच्या छाप्याच्या अक्षरांमधल्या नाजूक पट्ट्या तुटल्या. काकांनी तो भंगारात टाकला.

"मुख्य शब्द शाबूत आहे ना, तेवढा बास," ते पॅकिंगवाल्या मावशींना म्हणाले. मी खूश झालो. त्याच दिवशी एका इस्पितळाचं, औषधं थंड ठेवायचं उंच कपाट खोक्यात बंद झालं, आणि त्यावर मी एकटाच उमटलो, लालभडक.

ट्रकचा ड्रायव्हर नवा होता आणि त्याला इंग्रजी वाचता येत होतं. त्यानं खोक्यावरचा शब्द वाचला, हमालांना थांबवलं आणि खोकं चक्क आडवं करून ट्रकमध्ये ठेवलं. काका जेवायला गेले होते. खिळ्यावर टांगल्या टांगल्या मी हादरलोच. माझा शब्द वाचूनही यानं असं करावं?

शाळा सुटल्यावर काकांची शिक्षिका असलेली मुलगी त्यांचा घरी विसरलेला चष्मा द्यायला आली. काका दुसऱ्या खोक्यावर मला छापत होते.

"बाबा, हे काय छापताय?"

"सांभाळा म्हणून. का गं?"

"अहो, साइडवेज म्हणजे आडवं! कुशीवर! खेकडा चालतो तसं. अरुंद दारातून आपण अंग वळवून शिरतो ना, तसं. नुसतं एवढंच वाचून माणूस खोकं आडवंच ठेवणार!"

काकांनी ब्रश खाली ठेवला. जे मुळीच होऊ नये त्याचंच नाव छातीवर घेऊन मी वीस वर्षं मिरवत होतो!

कपाट आडवं झालं की तळातल्या मशीनचं तेल नळ्यांत शिरतं, आणि तसंच सुरू केलं तर मशीन जळतं. इस्पितळात फोन लावायला काका धावतच गेले.

"बटण लावू नका हो!" ते ओरडले.

"तासाभरापूर्वीच लावलं," पलीकडून नर्सबाई म्हणाल्या. "जळका वास आला म्हणून आत्ता बंद केलं. औषधं अजून आत ठेवली नव्हती, म्हणून वाचलो."

काकांनी फोन ठेवला. मग स्वतःच साहेबांकडे गेले आणि "चूक माझी," म्हणाले.

आता 'डू नॉट ले साइडवेज', म्हणजे 'आडवं ठेवू नका', हे सगळं वाक्य एकाच नव्या पत्र्यात कापलंय. मी कामातून गेलो. पण काकांनी मला फेकलं नाही. जेवण झालं की ते मला मांडीवर घेतात आणि माझ्या फटींतून बोट फिरवत एकेक अक्षर वाचायला शिकतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून, तेल देऊन जपा, हे तुम्हाला बरेच जण सांगतील. मी म्हणेन, त्यांच्यावर लिहिलेलं समजत नसेल तर कुणाला तरी विचारा. काकांची तर वाचणारी लेक घरातच होती.

"तुला विचारायची लाज वाटायची गं," असं ते परवा तिला म्हणाले.