घोडीचा चावा

माझा नवरा तबेल्यात घोडी सांभाळतो आणि घरी मला, पण जीव त्याचा तबेल्यात. गेल्या आठवड्यात ती सटवी त्याच्या खांद्यावर मान टाकून उभी दिसली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिचं तोंड ढकललं, तर तिने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. जखमेत पू झाला.

"ॲक्टिनोबॅसिलस," आज डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या. "घोड्यांच्या तोंडातला जंतू. औषधाने जाईल."

नवऱ्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं.

"तिला काही होणार नाही ना?" त्याने विचारलं.

"घोडीला? नाही. नवजात शिंगराच्या मात्र जिवावर बेततं."

"ती गाभण आहे!" म्हणत तो मला तिथेच सोडून धावत सुटला.

मलाही दिवस गेलेत. आज त्याला सांगणार होते. आता आधी त्या घोडीलाच जाऊन सांगते.