काल्याच्या कीर्तनातले इंग्रजी शब्द

अंथुर्ण्याच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन म्हणजे अठरा वर्षं पणदऱ्याच्या सोपानबुवांचा मान. त्रेपन्न साली गावानं तो कुंडलिक मास्तरांना दिला. बारामतीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा कालचा पोरगा! वर सर्जेराव पाटील म्हणाले, "बुवा, तुमी मागं टाळ धरा. पोराला तेवढाच आधार व्हईल."

आधार! त्या शब्दाचा बुवांना चटका बसला. तरी ते टाळकऱ्यांत सगळ्यांच्या पुढं उभे राहिले. पोरगा कुठं घसरतो ते जवळून दिसावं म्हणून.

मास्तर घसरेनात. गळा गोड, त्यात विद्या. "मंडळी, इंग्रज पवित्र माणसाला होली म्हणतो. शब्द जुन्या जर्मन टोळ्यांच्या बोलीतला. मूळ अर्थ अखंड, धडधाकट. तब्येतीला ते हेल्थ म्हणतात, तीही त्याच घरातली. मग पवित्र कोण? ज्याचं मन दुभंगलं नाही तो!"

बायका माना डोलवू लागल्या. बुवांची बायको फुलाबाई तर डोळे पुसत होती. आपल्या कीर्तनात ही बया कधी रडली होती?

मास्तर रंगात आले. "आशीर्वाद देणं म्हणजे ब्लेस. त्याच्या मुळाशी रक्त आहे. बळी दिलेल्या जनावराचं रक्त शिंपडून ते लोक वस्तू पवित्र करत."

मंडप गपकन थंड झाला. काल्याच्या दिवशी रक्त? मास्तर गांगरले, शब्द हरवले, त्यांनी मागं पाहिलं. कीर्तनकार अडला की टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलायचं, आणि पहिला सूर वडीलधाऱ्याचा. सगळे बुवांकडं बघू लागले. बुवांनी ओठ मिटून घेतले.

तेवढ्यात म्हस्कू धनगर उठला. "आवो, त्यात काय एवढं? माझा आजा बी देवाम्होरं तसंच करायचा. मी माळ घातली अन् ते सुटलं. म्हना फुडं!" आणि मेंढरं हाकायच्या आवाजात त्यानंच ध्रुपद उचललं, पार बेसूर. अख्खा मंडप त्याच्यामागं गाऊ लागला. बुवांनाही टाळ वाजवावाच लागला.

दहीहंडी फुटली तसे मास्तर बुवांच्या पाया पडले. "बुवा, तुम्ही थांबलात म्हणून सगळा मंडप गायला."

बुवांना ते ऐकवेना. "थांबलो न्हाय, मास्तर. मुद्दाम गप ऱ्हायलो. जळत हुतो मी."

मास्तर म्हणाले, "तर पुढच्या साली काला तुम्हीच करा. मागं मी उभा राहतो. बघू, मला गप्प राहता येतंय का."

फुलाबाई तोंडाला पदर लावून हसली. बुवांनाही हसू फुटलं. पण असं नेमकं बोलणं आपल्याला कधी सुचलं नाही, म्हणून आत पुन्हा चटका बसलाच.