धावदोरे

छातीवर स्मॉकिंग, म्हणजे चुण्यांवरचं नक्षीकाम, केलेला रेशमी फ्रॉक कधी पूर्ण होतो, याबद्दल मावशींचं मत ठाम होतं. नक्षीचे टाके संपले म्हणजे नव्हे. कापड बारीक चुण्यांत गोळा करायला आधी जे धावदोरे घातलेले असतात, ते शेवटी एकेक करून ओढून काढायचे. ते निघाले की आवळलेली छाती मोकळी होते, ताणली की पसरते, सोडली की परत जागेवर येते. तोवर तो फ्रॉक नव्हे, गाठोडं. शिवणखोलीतल्या सगळ्याजणी बावीस वर्षं हे ऐकत होत्या आणि मागे नकलाही करत होत्या.

म्हणून "यापुढे धावदोरे काढायचे नाहीत" असं फर्मान मालकीणबाईंनी सोडलं, तेव्हा सगळ्यांनी मशीन थांबवून मावशींकडे बघितलं.

"हँगरवर चुण्या कशा सरळ दिसतात," मालकीणबाई म्हणाल्या. "दोरे काढले की फ्रॉक पसरतो. गबाळा दिसतो."

"आणि पोरीनं श्वास कसा घ्यायचा?"

"घरी नेल्यावर आया काढतील की."

"कुठली आई काढतेय! आत दोरा आहे हे तिला कोण सांगणार? चार दिवसांत रेशीम काखेत फाटेल."

"मावशी, तुम्ही शिवा. विकायचं माझ्यावर सोडा."

मावशींनी पुन्हा सुई उचलली. हातानं चुण्या घालणारी बाई आता दुसऱ्या कुणालाच नको होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बारा फ्रॉक त्यांनी तसेच आवळलेले देऊन टाकले. त्यांची झोप वगैरे काही उडाली नाही. झोपल्या, जेवल्या, फक्त स्वतःची मनस्वी चीड येत राहिली.

शनिवारी सकाळी जाहिरातीसाठी फोटोवाला आला. शिवणखोलीतच खिडकीपाशी त्यानं पडदा लावला. मांडणीवर ठेवलेल्या त्या बारा फ्रॉकांपैकी पिवळा मालकीणबाईंच्या सहा वर्षांच्या नातीला घातला. तिनं हात वर करून उडी मारायची होती. हात खांद्यापर्यंत गेले आणि अडले. पुन्हा केलं, पुन्हा अडले.

"हस की गं!" फोटोवाला ओरडला.

"आजी, हा मला दाबतोय," पोर रडकुंडीला आली.

"पाचच मिनिटं, बाळा. ताठ उभी राहा."

मावशी छोटी कात्री घेऊन उठल्या.

"मावशी, हात लावायचा नाही."

मावशी चालतच होत्या.

"लावलास तर उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही!" मालकीणबाई एकेरीवर आल्या.

"नाही ठेवत," मावशी म्हणाल्या आणि पोरीच्या मागे गुडघ्यांवर बसल्या. बटणं सोडली, आतल्या बाजूची गाठ कापली आणि दुसऱ्या टोकानं दोरा ओढला. घाई केली नाही. घाईत रेशीम खेचलं जातं. मालकीणबाई काय काय बोलत होत्या, ते खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. चौथा दोरा निघाला तशी पोरीनं छाती भरून श्वास घेतला.

"अजून काढ," ती म्हणाली.

नऊही दोरे निघाले. बटणं लागताच ती सुटली ती थेट मशिनींच्या रांगांमधून, हात वर करून, किंचाळत. एका टोकाला पोचून वळली, धापा टाकत परत आली. प्रत्येक श्वासाला छातीवरच्या चुण्या उघडत होत्या आणि मिटत होत्या.

मावशी बघतच राहिल्या. त्यांचे फ्रॉक खोक्यात भरून बाहेर जात. ते अंगात घालून पळणारं पोर बावीस वर्षांत त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले, त्याची त्यांना लाज वाटली नाही.

"चालती हो!" मालकीणबाईंनी दाराकडे बोट दाखवलं.

"होते," मावशी म्हणाल्या. "अजून अकरा राहिलेत."

त्यांनी स्टूल ओढलं, मांडणीवरचा पहिला फ्रॉक मांडीवर घेतला आणि गाठ कापली.