बगळ्याची मोटार

जहागीरदारांच्या मोटारीच्या नाकावर निकेलचा बगळा होता. पंख मागं फेकलेले, मान पुढं ताणलेली. ड्रायव्हर जैनोद्दीन रोज सकाळी खडूच्या भुकटीनं तो लख्ख पुसायचा. सास्तूर-माकणीच्या पट्ट्यात मोटारीचं विलायती नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला बगळ्याची मोटार म्हणत. ती दिसली की खुरपणाऱ्या बाया हातातलं काम टाकून बांधावर येत.

निजामाच्या राज्याचे दिवस भरत आले तसे जहागीरदार कुटुंब घेऊन हैदराबादला निघून गेले. मोटार मागं राहिली, मोटारीबरोबर जैनोद्दीनही. मग गफार नावाचा एक जण हत्यारबंद माणसं घेऊन आला आणि त्यानं दोन्ही ताब्यात घेतली.

तेव्हापासून बगळा ज्या गावात जाई तिथून धूर निघे. कणग्या उपसल्या जात, गुरं हाकलून नेली जात. जैनोद्दीन स्टिअरिंग धरून समोर बघत बसायचा. बायकोनं, जमिलाबीनं, एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला की म्या गाडीतून खाली उतरतच न्हाय. तेव्हापासून त्याच्या ताटाशेजारी बसायचं तिनं सोडून दिलं.

भादव्यात लागोपाठ दोन गावं रिकामी सापडली. चुलीत विस्तव होता, माणूस मात्र एक नाही. गफार बराच वेळ मोटारीपुढं उभा राहिला. मग त्यानं बगळ्याच्या चोचीला टिचकी मारली.

"ह्योच चमकतो कोसावरनं," तो म्हणाला. "काढ."

आटे गंजलेत, निघायचा न्हाय, असं जैनोद्दीननं सांगून पाहिलं. गफारनं हातोडी मागवली आणि स्वतःच्या हातानं बगळा तोडला. रेडिएटरच्या टोपणावर नुसते पाय उरले.

दुसऱ्या दिवशी मोटार माकणीकडं निघाली. ऊन पडलं होतं. तुरीच्या रानात बाया खुरपत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. वाटेकडंला बिराप्पा धनगर मेंढरं घेऊन उभा होता. कुणी डॉक्टर किंवा सावकार आला असेल, असं वाटून तो डोळ्यांवर हात धरून चार पावलं पुढंच आला. त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू होतं. मागच्या सीटवर बंदुकीचा घोडा चढवल्याचा आवाज जैनोद्दीननं ऐकला.

त्यानं चाक गर्रकन फिरवलं. मोटार वाटेवरून उतरली आणि भिजल्या काळ्या रानात आसापर्यंत रुतली. मग त्यानं हॉर्नवर दोन्ही तळहात टेकले आणि अंगाचा भार टाकला.

बाया पळाल्या. बिराप्पानं मेंढरं तिथंच सोडली आणि ओढ्यात उडी टाकली. बंदुका झाडल्या गेल्या, पण अंतर फार होतं आणि उतरणाऱ्यांचे पाय चिखलात अडकत होते. गावातून आरोळ्या उठल्या, मग त्याही लांब गेल्या.

गफारनं जैनोद्दीनचे हात हॉर्नवरून हलकेच उचलले. मारलं नाही. शिवीही दिली नाही.

"गाडी राहू दे," तो म्हणाला. "चल, तुझ्या घरी जाऊ. चहा पिऊ."

चिखलातून चालत सास्तूर गाठेपर्यंत उन्हं कलली. जैनोद्दीन सगळ्यांत पुढं होता. मागं वळायची त्याची छाती झाली नाही. माकणीची माणसं मधल्या वाटेनं आधीच इथवर पोचली असतील का, जमिलाबीला कळलं असेल का, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

घराचं दार सताड उघडं होतं. परातीत मळलेलं पीठ होतं, ओलं. जमिलाबीच्या चपला नव्हत्या, खुंटीवरचा बुरखाही नव्हता. जैनोद्दीननं भिंतीला हात टेकला आणि पहिल्यांदा ऊर भरून श्वास घेतला.

गफारनं घरभर नजर फिरवली. परातीतल्या पिठाला बोट लावून बघितलं. मग अंगणातली बाज ओढून ती त्यानं उंबऱ्यासमोर आडवी टाकली आणि मांडीवर बंदूक घेऊन बसला.

"बस तूबी," तो म्हणाला. "पीठ मळून ठेवलंय. येईल की ती."

जैनोद्दीन त्याच्या शेजारी बसला. रस्त्यावर कुणी नव्हतं. दोघंही तिकडंच बघत राहिले.