तोंड दाखवा आणि जेवा

"पुढच्या महिन्यापासून सगळी काढणार म्हणे! मग नुसतं तोंड दाखवायचं आणि—"

एवढंच कानावर आलं. पुढचं धुराच्या पंख्याने गिळलं. बोलणाऱ्या होत्या वाढपी ला मावशी, ऐकणारे होते नूडल्स ताणणारे तुओ उस्ताद, आणि ज्याला काढणार तो बिचारा दोघांच्या मधोमध काउंटरवर. म्हणजे मीच.

मी बोलतोय, चीनमधल्या लानचौच्या एका विद्यापीठातल्या हलाल खानावळीचं कार्ड-यंत्र. नूडल्सच्या खिडकीवर बसतो. यंत्र म्हटलं की तुम्हाला काहीतरी भारी वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण बेताचं, शून्य ते नऊ आणि एक टिंब. बोलणं त्याहून बेताचं. कार्ड टेकवलं, पैसे कापले, की "टीं". काही बिनसलं की "टीं-टीं-टीं". आणि रूप म्हणाल, तर तेल उडू नये म्हणून ला मावशींनी मला पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलंय, उरलेली भाजी फ्रीजमध्ये ठेवतात तसं.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात, ढीगभर भावंडांबरोबर. एक भाऊ ग्रंथालयाच्या दारावर लागला; तो आता स्वतःला प्राध्यापक समजतो. दुसरा वसतिगृहाच्या न्हाणीघरात गरम पाण्याचे पैसे कापतो, जन्माचा ओला. मी खानावळीत आलो आणि माझ्या स्वभावाचं सोनं झालं, कारण दुसऱ्याच्या ताटात डोकावायची मला भारी खोड. दोन वाट्या आणि एकच कार्ड, म्हणजे कुठेतरी जमलंय. एक वाटी आणि तिखट तेल दुप्पट, म्हणजे मोडलंय. महिनाअखेरी कोण नुसता वाफवलेला पाव घेऊन पिंपातल्या फुकट रश्शाकडे वळतो, तेही मला ठाऊक. मला बोलता येत नाही हे विद्यापीठाचं नशीबच म्हणायचं.

ला मावशींबद्दलही सांगतो, त्या कुठे हे वाचणार आहेत! बाई मनाची मोठी, पण मांसाचा चमचा भरून निघाला की वाटेत त्यांचा हात थरथरतो आणि निम्मे तुकडे परत पातेल्यात. मुलं म्हणतात, "मावशी, औषध घ्या हाताला!" मावशी म्हणतात, "घेते, तुझ्या परीक्षेचा निकाल लागू दे."

झेबिनिसो आली ती सप्टेंबरात. ताजिकिस्तानातल्या खुजंदची, अंगाने बारीक, नजर सरळ. परदेशी मुलांची कार्डं उशिरा येतात. फोनवरून पैसे द्यावेत तर बँकेत खातं लागतं, आणि खातं काही लगेच उघडत नाही. तिने माझ्यापुढे नोट धरली. आता मला नोट खाता येते का? मी आपला ठोंब्यासारखा लाल आकडा दाखवत बसलो. मागची रांग चुळबुळ करायला लागली. पोरगी कानापर्यंत लाल झाली आणि निघालीच.

तेवढ्यात मागून एक हात आला. टीं!

"जेव गं. नूडल्स फुगतायत," रुईशा म्हणाली. रुईशा इथलीच, लानचौची. तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. पुढचे कित्येक दिवस झेबी जेवली ती तिच्या कार्डावर. परत द्यायला गेलं की रुईशा ओरडायची, "ठेव ते! मला काय दुकानदार समजलीस?"

पुढे झेबीचं कार्ड आलं. तिला वाटलं, आता आपण हिला जेवू घालू. पण इथल्या माणसांचं तुम्हाला माहीत नाही. पैसे कोणी द्यायचे यावरून इथे सख्खे भाऊ एकमेकांच्या मनगटांना लोंबकळतात. रुईशा तर या खेळात लहानपणापासून मुरलेली. झेबीने कार्ड काढेपर्यंत तिने टेकवलेलं असायचं. एकदा दोघींची कार्डं एकदम माझ्या तोंडावर आपटली, आणि इथे माझं दुसरं व्यंग उघडं पडलं: दोन कार्डं एकदम आली की मला एकही दिसत नाही. मी टीं-टीं-टीं करून गळा काढला, मावशींनी माझ्या डोक्यात टपली मारली, आणि गडबडीत पुन्हा रुईशाच जिंकली.

त्यामुळे ती बातमी ऐकून मी जसा धास्तावलो, तशी झेबीही. भर दुपारी, खिडकी रिकामी असताना ती मावशींकडे आली.

"मावशी, कार्डं बंद होणार हे खरं?"

"म्हणतात बाई. कॅमेऱ्यावाले पडदे बसवणार. पडद्यासमोर तोंड धरायचं, तो ओळखतो आणि पैसे कापतो."

"पण परदेशी मुलांची तोंडं अजून त्यात घातलेलीच नाहीत! ऑफिसात म्हणाले, तुमचं नंतर बघू. म्हणजे परत मी रुईशाच्या जिवावर."

"मग जेव की. ती कुठे नाही म्हणते?"

"ती नाही म्हणत नाही हाच तर त्रास आहे!" झेबी म्हणाली. "माझ्या आईने दारात आलेल्याला कधी नुसत्या चहावर पाठवलं नाही. आणि मी इथे आल्यापासून पाहुणीच. मैत्रीण कधी होणार मी तिची? एकदा तरी मला तिला वाढायचंय, मावशी. महिना संपायच्या आत."

मावशींनी ओट्यावर फडकं फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "तू समोरून भांडतेस, तिथे चुकतेस. समोरून तिला कोणी हरवलेलं नाही. इथे एकच उपाय चालतो. हात धुवून येते म्हणायचं, उठायचं, आणि देऊन मोकळं व्हायचं."

"हे खोटं बोलणं नाही का?"

"हात धू की खरोखर! कोणी नको म्हटलंय?"

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. जागा धरायला टेबलावर पुस्तकं ठेवली. झेबी म्हणाली, "हात धुवून येते," आणि मुलगी इतकी प्रामाणिक की खरंच हात धुवून, ओल्या हातांनी खिडकीशी आली.

"दोन वाट्या. एक बारीक, एक रुंद. दोन्हीवर जादा मांस."

मी आकडा लावला. आयुष्यात पहिल्यांदा कोणाची तरी बाजू घेऊन उभा होतो. ये पोरी, टेकव!

तिने पाकिटासकट कार्ड टेकवलं. आणि मी, मी करंटा, ठणाणा केला: टीं-टीं-टीं!

सगळी खानावळ वळून बघायला लागली. रुईशाने मान वर केली, खिडकीशी झेबीला पाहिलं आणि खुर्ची सरकवली. "ए! झेबी! खबरदार!"

झेबीने पुन्हा टेकवलं. मी पुन्हा बोंबललो. रुईशा टेबलांमधून वाट काढत, कार्ड उगारत निघाली.

"त्या पाकिटात दुसरं काय आहे?" मावशी ओरडल्या.

"बसचं कार्ड!"

"अगं, मग काढ ते! दोन दिसली की हा आंधळा होतो!"

ओल्या बोटांनी पाकीट सुटेना. तुओ उस्तादांनी ताणलेली नूडल्स हवेत तशीच धरून ठेवली. शेवटी झेबीने दातांनी ओढून बसचं कार्ड बाहेर काढलं. रुईशाचा हात माझ्यावर आला, पण त्याआधी झेबीचा पोहोचला होता.

टीं!

इतकं सुरेल मी कधी म्हटलं नव्हतं.

"कपटी!" रुईशा धापा टाकत म्हणाली. "हात धुवायला गेली म्हणे! हे कोणी शिकवलं तुला?"

"पाहिजे तर वास घे, साबणाचा येतोय. आणि गुपचूप बस. आज तू माझी पाहुणी."

रुईशाने कार्ड खिशात कोंबलं. गुपचूप बसली. मावशींनी मांसाचा चमचा भरला, दोन वेळा भरला, आणि हात जरासुद्धा थरथरला नाही. वाटी पाहून रुईशा म्हणाली, "मी आजवर तुझ्यासाठी एवढे पैसे भरले, मला कधी इतकं मांस नाही मिळालं! उद्यापासून तूच पुढे उभी राहा."

"एक दिवस मी, एक दिवस तू."

"बरं बाई, यजमानीण."

नवा महिना लागला आणि माणसं आली. पडदे लागले. काउंटरवरची माझी भावंडं एकेक करून खोक्यात गेली. मीही डोळे मिटून घेतले होते. पण त्यांच्यातला कारकून मावशींना म्हणाला, "हे एक राहू द्या. ज्यांची तोंडं अजून घातली नाहीत, त्यांनी काय उपाशी राहायचं? पाहुणे असतात, परदेशी पोरं असतात." मला तिथून उचललं आणि रश्शाच्या पिंपाशेजारी, कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीवर बसवलं. म्हणजे काढणार हे खरं ठरलं, सगळी हे नाही.

इथे वाफ फार. माझा एक आकडा आता अर्धाच पेटतो, त्यामुळे आठ आणि शून्य एकसारखे दिसतात आणि लोक मला शिव्या घालतात. झेबी इथेच जेवते. रुईशाचं तोंड पडद्याला पाठ आहे, तरी ती माझ्याकडेच येते. म्हणते, त्या पडद्यापुढे भांडायची काही मजा नाही.

तुम्ही कधी इकडे आलात, आणि तुमचं तोंड इथे कोणाला ओळखू येत नसेल, तर लाजू नका. सरळ कोपऱ्यात या. मी सगळ्यांना सारखंच "टीं" म्हणतो. मला दुसरं काही येत नाही हे त्याचं खरं कारण, पण ते आपल्यातच राहू द्या.