जीभ जमा करायची खिडकी

आयरिश भाषेच्या परीक्षेला बसायचं तर आपली जीभ खिडकीवर जमा करावी लागते, आणि ती परीक्षा दिल्याशिवाय डब्लिनमध्ये कुणाला सॉलिसिटर, म्हणजे वकील, होता येत नाही. शलाका वाघमोडेला यात आधी काही वावगं वाटलं नव्हतं. देवळाबाहेर आपण चपला ठेवतोच की. फक्त चपला घेणारा हातात चिमटा धरून बसत नाही.

"परत कधी मिळेल?" तिनं आधीच विचारून घेतलं.

"पास झालात की," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"आज खालच्या मजल्यावरच्या कोर्टात माझ्या मावशीची केस आहे. तिच्या बाजूनं मलाच बोलायचंय."

"मग जेवणाच्या सुट्टीआधी न्या. उरलेल्या जिभा आम्ही ज्याला नसेल त्याला देऊन टाकतो. आ करा."

मावशी सख्खी नव्हे. हिरामावशी इस्लामपूरची, शलाकाच्याच आळीतली. इथं एका हॉटेलच्या भटारखान्यात रोट्या लाटायची. घरमालकाला तिची खोली रिकामी करून हवी होती, आणि कारण शोधून काढायला त्यानं वकील नेमला होता. मावशीकडे शलाका होती.

बदल्यात शलाकाला सरकारी जीभ मिळाली. ती रबरी होती, तिला खडूची चव होती आणि कडेला कुणाचे तरी दात उमटलेले होते. तिला तीनच वाक्यं येत होती. आज हवा छान आहे. मी बाहेर जाऊ का? आमच्याकडे एक गाय आहे.

"काळजी करू नका," रांगेत मागे उभा असलेला कॉर्क शहरातला तरुण म्हणाला. त्याची जीभ अजून त्याच्याच तोंडात होती. "मी शाळेत चौदा वर्षं आयरिश शिकलो. मलाही तेवढीच येतात."

परीक्षक म्हातारे होते आणि फार हळवे होते.

"कायदा म्हणजे काय?"

"आमच्याकडे एक गाय आहे," शलाकाची जीभ म्हणाली.

"आणि न्याय?"

"आज हवा छान आहे."

बाहेर गारा पडत होत्या. परीक्षकांनी डोळे पुसले. "किती गोड! पुन्हा म्हणा बरं."

तिनं पुन्हा म्हटलं. दरवेळी खोली एका बाकानं लांबत होती आणि दार तेवढंच मागं सरकत होतं. शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं बाकावर मूठ आपटली, तर परीक्षकांनी आवेशाचे दोन गुण जास्त दिले. पास झाल्याचा शिक्का हातावर पडला तेव्हा दार टाचणीच्या डोक्याएवढं दिसत होतं. ती पळत सुटली.

खिडकी बंद होती. आत बाई सॅन्डविच खात होत्या. शलाकानं काच बडवली. बाईंनी पाठ फिरवली. तेवढ्यात खालून हिरामावशीच्या नावाचा पुकारा झाला.

"आलीस गं बाई!" साडीवर जाड कोट चढवून मावशी कोर्टात उभी होती. "जीव नुसता टांगणीला लागला होता."

"आज हवा छान आहे," शलाका म्हणाली.

"मरू दे ती हवा. कागद आणलेस का?"

"मी बाहेर जाऊ का?"

मावशीचा चेहरा पडला. "तू पण?"

मालकाचा वकील इंग्रजीत बोलला, अस्खलित. तो कधीच पास झाला होता, आणि पास झालेल्याला आयरिशची पुन्हा गरज पडत नाही.

"तुमचं म्हणणं?" न्यायाधीशांनी शलाकाला विचारलं.

म्हणणं तिला पाठ होतं. नोटीस दिलेली नाही, कारण दिलेलं नाही, सबब बाईंना खोलीतून हलवता येणार नाही. तिनं रबरात दात रुतवले आणि सगळा जोर लावला.

"आमच्याकडे एक गाय आहे."

कोर्टात टाळ्या पडल्या. न्यायाधीश आदरानं उठून उभे राहिले. मग बसून त्यांनी निकाल सांगितला, "भाडेकरूच्या खोलीत गाय आहे. करारानुसार जनावर पाळायला मनाई आहे. खोली आजच रिकामी करावी."

"कुठली गाय?" मावशी ओरडली. "अहो, त्या खोलीत मलाच धड कूस बदलता येत नाही! आणि तू गं, भवाने, शिकलीस ते हे बोलायला?"

"इथं आयरिशमध्ये बोललेलं खोटं नसतं," न्यायाधीश म्हणाले.

जिन्यावर खुरांचा आवाज आला. दार ढकलून गाय आत आली, तांबडी, थकलेली. तिच्या पाठीवर मावशीची वाकळ होती. वाटेत ती खिडकीपाशी थांबली असणार, कारण तिनं तोंड उघडलं तेव्हा आत शलाकाची जीभ होती.

"साहेब," गाय खणखणीत इस्लामपुरी हेलात म्हणाली, "नोटीस दिलेली नाही. कारण दिलेलं नाही. या बाईला हलवायचा कुणाला हक्क नाही."

मालकाच्या वकिलानं पेन खाली ठेवलं.

"बोल गं माझे आई," मावशी म्हणाली. "थांबू नकोस."

गाय थांबली नाही. कलमामागून कलम सांगत गेली. न्यायाधीशांनी चष्मा लावून तिच्याकडे निरखून पाहिलं.

"हिची आयरिशची परीक्षा झालीय का?"

सगळे शलाकाकडे वळले. तिनं शिक्का असलेला हात उंच केला आणि दुसऱ्या हातानं गायीचं शिंग घट्ट धरलं.

"मी बाहेर जाऊ का?" ती किंचाळली.

मागचं दार उघडलं. खिडकीतल्या बाई ओठांवरचे पावाचे कण पुसत आत आल्या, गायीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी चिमटा वर केला.

"आ करा," त्या म्हणाल्या.