खंडेनवमीला मला सुट्टी नको होती

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं फार तापतं. कधी कामानं, बहुतेक वेळा माणसांमुळे.

दहा वर्षं मी एका साखर कारखान्याच्या ऑफिसात उसाच्या वजनाच्या पावत्या काढल्या. काम सोपं होतं. कुणी माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवायचं, कुणी जेवणाचा डबा. धूळ पुसायला मात्र कोणी फिरकलं नाही. नवी मशिनं आल्यावर मला भंगारात काढलं आणि तिथून राजेश्वरीनं मला कुंडलला आपल्या घरी आणलं.

राजेश्वरी घरांचे नकाशे काढते. तिला पहिलंच काम मिळालं होतं, ते जयराजच्या घराचं. जयराज फौजेत आहे आणि रजेवर गावी आला होता. बांधायचं घर त्यानं स्क्रीनवर आतून फिरून बघायचं आणि रजा संपायच्या आत पसंती सांगायची, असं ठरलं होतं. तेवढ्यात जमलं नाही तर काम सांगलीच्या एका मोठ्या ऑफिसला जाणार होतं. पोरीच्या जिवाला घोर लागला होता.

असं घर फिरवायला ग्राफिक्स कार्ड लागतं. ते तिनं आणलं, पण बसवलं तिच्या वडिलांनी, लालासाहेबांनी. ते विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळून देतात, त्यामुळे विजेतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची पक्की समजूत. कार्ड किती वीज खातं आणि माझा पॉवर सप्लाय किती देतो, हे दोन्हींवर छापलेलं होतं. वाचतो कोण? घर फिरायला लागलं की मी बंद पडायचो. "लय कामचुकार हाय ह्यो," असं म्हणून लालासाहेब मला एक थाप मारायचे. अर्ध्या भाकरीवर मी किती धावणार होतो?

"आबा, त्येला वीज पुरंना झालीया," राजेश्वरी शेवटी म्हणाली.

मग मोठा पॉवर सप्लाय आला. त्याचा प्लग माझ्या मदरबोर्डात बसेना, कारण आम्हा ऑफिसवाल्यांच्या खोबणीच निराळ्या. लालासाहेबांनी ताबडतोब पक्कड काढली.

"तारा तोडून पीळ मारू, वर टेप गुंडाळू. मोटारीला असंच करतूय आमी."

माझी पाचावर धारण बसली. राजेश्वरीनं त्यांच्या हातातली पक्कड काढून घेतली आणि सांगलीला जाऊन मधली जोडवायर आणली. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच बंद न पडता अख्खं घर फिरवलं. फार बरं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. जयराज आपल्या आईला, राहीबाईंना घेऊन आला, तेव्हा मी पाटावर झेंडूची माळ घालून पान्हे-पकडींच्या रांगेत बसलो होतो. लालासाहेबांनी झाकण उघडून नव्या कार्डाच्या पंख्यालाही ओलं कुंकू लावलं होतं. ज्याला कधी साधं फडकं मिळालं नाही, त्याचा हा थाट, आणि तोही नको त्या दिवशी.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई," लालासाहेब म्हणाले. "उद्या या."

"उद्या पहाटं गाडी हाय माझी," जयराज म्हणाला.

राजेश्वरीचा चेहरा उतरला. राहीबाई मात्र सरळ लालासाहेबांकडं वळल्या.

"आवं भावजी, ह्यो माझा ल्योक बी हत्यारावरच हाय. खंडेनवमी म्हणून सीमेवर बंदूक खाली ठेवत्यात व्हय?"

लालासाहेबांनी स्वतःच माळ काढली. राजेश्वरीनं कापसानं कुंकू पुसलं, पंखा वाळू दिला आणि मग बटण दाबलं.

मी घर फिरवलं. बैठकीचा सोपा, स्वयंपाकघर, जिना. एका खोलीत राहीबाईंनी थांबायला सांगितलं.

"ही कुणाची रं?"

"तुझी. ह्या खिडकीतनं रस्ता दिसतूय. मी सुट्टीला आलो की लांबनंच दिसंन तुला."

राहीबाई बराच वेळ त्या खिडकीकडं बघत राहिल्या. मग जयराज राजेश्वरीला म्हणाला, "ताई, पाया खणायला घ्या."

मित्रांनो, जुन्यांकडून नवं काम खुशाल घ्या, आम्ही करू. फक्त आमच्या पोटाला किती लागतं ते आधी वाचा. हार वर्षातून एकदा पुरे, धूळ मात्र आठवड्याला पुसा. मी बंद पडलो की तुम्ही एक थाप मारून मोकळे होता. त्या दिवशी बंद पडलो असतो, तर जयराज ती खिडकी आईला न दाखवताच गाडीत बसला असता.